वरून छाटलेलं दार

तिला प्रश्न फार पडायचे. नवरा तिला चौकशीची खिडकी म्हणायचा, आणि सासरे काही न म्हणता वर आपल्या खोलीत निघून जायचे.

घराचं काम काढलं होतं ते रंग आणि फरशीपुरतं. पण मधल्या खोलीचा गिलावा खरवडला आणि खरं दुखणं बाहेर आलं. वरच्या मजल्याचा भार पेलणारी तुळई भिंतीत जिथे टेकते, तिथलं टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. वरच्या न्हाणीचं पाणी किती वर्षं झिरपत होतं देव जाणे. पाहायला बोलावलेल्या इंजिनिअर बाईंनी त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"वर कोण झोपतं?"

"माझे वडील," नवरा म्हणाला.

"आजपासून खाली झोपवा त्यांना. आणि तुळई लगेच धरायला हवी."

सासरे जिन्यात उभे राहून सगळं ऐकत होते. उभी हयात सुतारकामात गेलेली. "लाकूड मला कळतं," ते म्हणाले. "काही होत नाही तिला. कुणी हात लावायचा नाही." वर गेले आणि आतून कडी घातली. घर त्यांचं, त्यांच्या होकाराशिवाय कुणी एक वीट हलवणार नव्हतं. नवरा कपाळाला हात लावून बसला.

ती घाबरली होती, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा कुतूहल जास्त. खुर्चीचा पाय डुगडुगला तर भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस, स्वतःच्या अंथरुणाखालचं कुजकं लाकूड कसं काय चालवून घेतो? विचार करत ती तुळईखाली उभी राहिली. समोर स्वयंपाकघराचं दार होतं.

ते दार दरवर्षी एकदा अडायचं. मग नवरा जिन्याखालून हाक मारायचा, "बाबा, दार अडतंय!" आणि सासरे रंधा घेऊन उतरायचे. दार बिजागऱ्यांतून निघायचं, वरची कड तासली जायची, घरात कुणी चकार शब्द काढायचं नाही. काम झालं की सासरे एका बोटाने दार ढकलायचे, ते लोण्यातून गेल्यासारखं बंद व्हायचं आणि सगळे 'वा!' म्हणायचे. दमट हवेने लाकूड फुगतं, असं सगळे धरून चालले होते. सुतारांचंच घर ते, चूक असेल तर लाकडाची! शिंप्यांचं असतं तर एव्हाना दार काढून पडदा लावला असता.

पण फुगलेलं लाकूड हवा सुकली की आकसतं. हे कधी आकसलंच नव्हतं. तिने टेप आणला. दाराची वरची आडवी पट्टी बिजागरीकडे चांगली वीतभर रुंद होती आणि कडीकडे जेमतेम दोन बोटं. दार फुगत नव्हतंच. तुळई खाली येत होती, चौकट दाबत होती, आणि हे लोक दरवर्षी तिला वाट करून देत होते.

तिने नवऱ्याला दाखवलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे पाहून तिलाच वाटलं.

"तुला ठाऊक होतं?"

"तुळईचं नव्हतं, शपथ. दार फुगत नाही एवढं कळलं होतं." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबांचं दुकान बंद झाल्यापासून त्यांना कामासाठी कोण हाक मारतं गं? हे एक दार होतं."

ती तडक वर गेली.

"बाबा, कडी काढा. एकच विचारायचंय."

"तुला कधी एकच विचारायचं असतं?" पण कडी निघाली.

"पट्टी एका बाजूला दोन बोटं उरली आहे. तुमच्या नजरेतून ते सुटलं, हे मला पटत नाही."

सासरे अंथरुणाच्या कडेला बसले. "सुरुवातीला सुटलं. नंतर दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुळई धरली की दार अडायचं थांबणार. मग मला खाली कोण बोलावतंय? जेवायला बोलावता, ते वेगळं."

तिला रडू आलं आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला. "आणि ती तुळई कोसळली असती तर? त्या दारापाशीच आम्ही जेवायला बसतो, बाबा!"

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. स्वतःच्या मरणाचा हिशेब त्यांनी मांडला असेल, खालच्यांचा नव्हता मांडला. ते उठले, अंथरूण गुंडाळलं आणि काखेत मारून जिना उतरले. इंजिनिअर बाईंना म्हणाले, "करा सुरू."

लोखंडी टेकू लागले, जॅक लागले. तुळई रोज केसभर उचलायची, घाई केली तर भिंती तडकतात. सासरे समोर खुर्ची टाकून बसायचे. कुजलेलं टोक कापून नवं जोडलं, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या आवळल्या. चौकटीचं वरचं लाकूड नवं आलं, पाणसळ लावून सरळ बसलं. आणि दार टांगलं, तर वर ही एवढी तिरकी फट! मांजर अंग न चोरता गेलं असतं.

"फेकून द्या," गवंडी म्हणाला. "तयार दार मिळतं."

नवऱ्याने सवयीने 'बाबा, दार…' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीच पुढे झाली.

"बाबा, इतकी वर्षं लाकूड काढत आलात. आता घालावं लागेल. जोड द्यायचाय."

सासऱ्यांनी दार उतरवायला लावलं, कडेवरून बोट फिरवलं. "जोड दिसेल," ते म्हणाले.

"दिसू दे. लाकूड कुठलं घ्यायचं पण?"

झालं! कुठलं लाकूड, कुठल्या अंगाने चिरलेलं, रेषा कुठे वळवायच्या, सरस किती पातळ. एकाला दुसरं लागून येत गेलं. ती दार धरून उभी, ते रंध्याचं पातं घासत बोलताहेत. बऱ्याच वेळाने नवऱ्याने आतून जेवायला हाक मारली.

"दिसत नाही का?" सासरे खेकसले. "कामात आहे मी."