जस्ताखालचे घर

मित्रांनो, ओल धरली की माझ्या अंगाला अजून पिठाचा वास येतो. मी आवर्तसारणीचा तक्ता आहे खरा, पण छापखान्यात जन्मलेला नाही. पिठाच्या नऊ रिकाम्या कापडी पिशव्या उसवून, धुवून, एकमेकींना शिवून मला तयार केले. बोलिव्हियाच्या उंच पठारावर सांता रुफिना नावाचे खाणींचे गाव आहे. तिथल्या शाळेत हुस्तिना विल्का नावाच्या तरुण बाई विज्ञान शिकवायला आल्या. शाळेत तक्ता नव्हता, म्हणून त्यांनी पिशव्या जमवल्या आणि मला रंगवायला गावातल्या पेंटरला बोलावले.

सातुर्नीनो त्याचे नाव. एरवी तो मालट्रकांच्या पाठीवर फुले आणि संतांची नावे रंगवायचा. त्याने माझ्यावर चौकटी आखल्या आणि तो थबकला.

“बाई, वरच्या ओळीत दोनच घरं? एक या टोकाला, एक त्या टोकाला? मधे केवढी जागा वाया चाललीय! एखादा लांब मानेचा, लोकरीचा लामा काढू का?”

“उस्ताद, लामा नको. जागा रिकामीच राहू द्या.”

“मग नावं तरी अक्षरांप्रमाणे लावा. पोरांना शोधायला सोपं.”

बाई हसल्या. “तुमच्याकडे कॅलेंडर आहे ना? त्यात रविवारखाली रविवार का येतो?”

“वार सात. सात झाले की पुन्हा पहिल्यापासून.”

“इथंही तेच. प्रत्येक घरात आधीच्यापेक्षा एक प्रोटॉन जास्त. एक, दोन, तीन असं मोजत पुढं जायचं. जात जात स्वभाव बदलत जातो, आणि मग एका ठिकाणी जुना स्वभाव पुन्हा उगवतो. तिथं ओळ मोडायची आणि त्याला त्याच्या भावाखाली बसवायचं. हा सोडियम पाण्यात पडला की तडतडतो. त्याच्या खालचा पोटॅशियम त्याहून तापट.”

“पण कॅलेंडरात सगळे आठवडे सारखे असतात. तुमचा पहिला आठवडा दोन दिवसांचा, मग आठाचा, मग अठराचा!”

“निसर्गाला तुमच्यासारखी मोजपट्टी वापरायची सवय नाही.”

“माझ्या बायकोसारखाच आहे म्हणायचा,” असे पुटपुटत सातुर्नीनोने ब्रश बुडवला. चार दिवस तो माझ्यावर राबला. डाव्या कडेचे तापट धातू त्याने लाल रंगवले, उजव्या कडेचे कुणाशी न मिसळणारे वायू फिकट निळे. खालच्या ओळीत पुढे काही घरे मोकळी होती. त्यातले रहिवासी अजून कुणाला सापडले नव्हते. ती घरे बाईंनी मुद्दाम मोकळी ठेवायला लावली.

पहिली काही वर्षे मी मोठ्या मानाने भिंतीवर होतो. खाणकामगारांची मुले यायची आणि आधी आपल्या घरचे धातू शोधायची. कुणाचा बाप कथलाच्या खाणीत, कुणाचा चांदीच्या. तांबे, चांदी आणि सोने एकाखाली एक राहतात हे पाहून त्यांना फार मौज वाटायची.

मग राजधानीहून एक छापील, चकचकीत तक्ता आला. नव्या मुख्याध्यापकांनी मला उतरवले आणि गुंडाळून कोठीत टाकले. मित्रांनो, गुंडाळलेल्या तक्त्याचे दुःख काय सांगू? माझे पहिले घर शेवटच्या घराच्या पोटात गेले, आणि जी मांडणी हाच माझा जीव, तीच दिसेनाशी झाली. कोठीत उंदरांनी माझा खालचा कोपरा कुरतडला. दोन हिवाळे तर शाळेच्या स्वयंपाकिणीने मला अंगणात पसरून माझ्यावर बटाटे वाळवले. रात्रीच्या गारठ्यात ते गोठायचे आणि दिवसाच्या उन्हात सुकायचे. माझा उपयोग होत होता, पण मला कुणी वाचत नव्हते.

छापील तक्ता त्या पठारी उन्हात विटून पांढरा पडला. तेव्हा हुस्तिना बाईंनी मला शोधून काढले, कोपऱ्याला ठिगळ लावले आणि पुन्हा भिंतीवर चढवले. तोवर त्यांचेही केस पिकायला लागले होते.

त्याच वर्षी सेनोबिया कोल्के शेवटच्या वर्गात होती. तिची आई तोमासा खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर बसून हातोडीने दगड फोडायची आणि उरलेसुरले खनिज वेचायची. गेल्या काही वर्षांपासून तोमासाची हाडे दुखत होती. आता ती बदकासारखी डोलत चालायची, आणि एकदा नुसती खोकली तर तिची बरगडी मोडली. खालच्या आळीतल्या आणखी सहा बायकांची हीच गत होती. दवाखान्यातली नर्स म्हणायची, उंचावरची थंडी हाडात शिरली. खालची आळी पाणी प्यायची ते एकाच विहिरीचे. ढिगारे त्या विहिरीच्या वरच्या अंगाला होते. पण खाणीच्या इंजिनियरने पाणी तपासून घेतले होते. शिसे नाही, आर्सेनिक नाही, पाणी चांगले आहे, असा कागद त्याने विहिरीवर चिकटवला होता.

एका दुपारी वर्ग सुटला तरी सेनोबिया माझ्यासमोरून हलली नाही.

“घरी नाही जायचं का गं?” बाईंनी विचारले.

“बाई, त्या ढिगाऱ्यांत काय आहे?”

“आता जस्ताचीच खाण आहे. म्हणजे बहुतेक जस्ताचाच कचरा.”

सेनोबियाने जस्ताच्या घरावर, तीस आकड्यावर, बोट ठेवले आणि ते सरळ खाली सरकवले. “तुम्हीच म्हणता ना, उभ्या ओळीतल्यांचा स्वभाव सारखा? मग दगडातसुद्धा ते एकमेकांच्या जागी घुसत असतील. हा अठ्ठेचाळीसवाला कोण? कॅडमियम. पाण्यात हा आहे का, हे कुणी बघितलं?”

बाई खुर्चीवर बसल्या.

“कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “दोन नावं विचारली, दोन नावांचं उत्तर आलं. आणि कॅडमियम हाडं पोखरतं, हे मी वाचलेलं आहे. वाचलेलं असून मला सुचलं नाही!”

“मग हाच आहे!”

“थांब. शेजारी राहतो म्हणून चोर ठरत नाही. आज आपल्याकडे नुसता संशय आहे. पुरावा बाटलीत मिळेल.”

दोघींनी बाटल्या उकळून घेतल्या आणि विहिरीचे पाणी भरले. एक बाटली वरच्या झऱ्याचीही भरली, तुलनेसाठी. गावातल्या एका मालट्रकवाल्याने त्या मांडीवर घेऊन शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आले. झऱ्याचे पाणी स्वच्छ होते. विहिरीच्या पाण्यात कॅडमियम होते, आणि माणसाने प्यावे त्याच्या कितीतरी पट.

बाईंनी मला खाली उतरवले तेव्हा मी घाबरलो. वाटले, पुन्हा कोठी! पण त्यांनी मला चौकातल्या भिंतीवर, सगळ्या गावासमोर टांगले. इंजिनियरही आला होता.

“एका शाळकरी पोरीच्या बोलण्यावर विहीर बंद करायची?” तो म्हणाला.

“पोरीच्या नाही, साहेब,” सेनोबिया म्हणाली. “कागद प्रयोगशाळेचा आहे. तुम्ही दोन घरांची चौकशी केलीत. मी तिसऱ्या घराची केली.”

गर्दी हसली, मग बाजूला सरली. कारण तोमासा काठी टेकत पुढे येत होती. तिला वाचता येत नव्हते. “दाखव गं मला, कुठं राहतो तो?” तिने लेकीला विचारले. सेनोबियाने तिचे बोट धरून त्या चौकटीवर ठेवले.

“एवढंच घर त्याचं?” तोमासा म्हणाली. “आणि माझं सगळं अंग खाल्लंन मेल्यानं.”

तिच्यामागून इतर बायकाही आल्या. प्रत्येकीने त्या चौकटीला हात लावून पाहिला. आठवड्याच्या आत विहिरीवर झाकण पडले आणि झऱ्याचे पाणी नळाने खालच्या आळीत आले. तोमासाची काठी मात्र सुटली नाही. झालेली झीज भरून निघाली नाही. पण सेनोबियाची धाकटी भावंडे सरळ, ताठ चालत मोठी झाली.

मित्रांनो, त्या दिवसापासून जो कुणी येतो तो आधी ते घर शोधतो, आणि बोटे लागून लागून तिथली अक्षरे झिजत चालली आहेत. मला काचेत बंद करावे, असे काही जण सुचवतात. तसे करू नका. मला हात लावा. आडवे मोजा, उभे ताडून पाहा. एक नाव कळले की त्याच्या वरचा कोण, खालचा कोण, हेही विचारा. एवढे फक्त करा, की मला गुंडाळून ठेवू नका, आणि एखादे घर पुसले गेले तर ब्रश घेऊन त्यातले नाव पुन्हा लिहा.