दिवा मंदावला माझा, दोष आजोबांच्या डोळ्यांना

"आजोबांच्या डोळ्यांचं वय मोजता, पण या पेटीचं वय कोणी मोजलंय का?"

नववीतल्या एका मुलीने हा प्रश्न भर प्रयोगशाळेत विचारला, तोही तिथेच काम करणाऱ्या स्वतःच्या आई-बाबांना! "विचारून दाखव, मग मानू तुला," अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. माझ्या पोटात दोन ट्यूब, पुढे दुधी काच, काचेवर अक्षरांच्या ओळी: वर ठसठशीत, खाली मुंगीएवढ्या. वयाबरोबर नजर कशी बदलते, हे इथे अभ्यासतात. दरवर्षी तेच आजी-आजोबा माझ्यासमोर बसून वाचतात. नवी होते तेव्हा काय थाट माझा! माझा उजेड मोजायला एक छोटं मापकसुद्धा होतं. पुढे ते खणात गेलं. रोज सकाळी एखादी तरुण ताई मला लावायची, शेवटची ओळ घडाघडा वाचायची आणि वहीत 'ठीक' लिहायची.

अहो, तरुण डोळ्यांना मंद उजेडातही दिसतं! म्हाताऱ्या डोळ्यांना जास्त उजेड लागतो, हे याच खोलीत शिकवतात. माझ्या ट्यूब मंदावल्या, काच पिवळी पडली. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

गेल्या वर्षी त्या मुलीचे आजोबा बसले. हाडाचे शिंपी. चौथ्या ओळीवर अडले.

"अप्पा, मागच्या खेपेला आठवी वाचली होतीत," तिची आई हळूच म्हणाली.

"सुईच म्हणत असेल, म्हाताऱ्या, आता पुरे," आजोबा हसले. घरी जाऊन त्यांनी शिलाई मशीनवर चादर टाकली. नातीचा नाटकातला झगा अर्धाच राहिला.

पण परवा तिने त्यांना गच्चीत पकडलं. भर उन्हात, सुईत दोरा ओवताना. एका झटक्यात!

म्हणून तो प्रश्न. बाबांनी खणातून मापक काढून माझ्या काचेला लावलं. उजेड निम्म्याहून कमी!

नव्या ट्यूब आल्या, नवी काच आली. आजोबा पुन्हा बसले. सातवी ओळ! आठवी नाही, वय काही कुणाला सोडत नाही. पण सातवी! त्यांनी डोळे पुसले, आणि मला फुटून जावंसं वाटलं.

मित्रांनो, ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा निकाल लागतो, त्याला आधी तपासत जा.

"अगं, यंत्र आहे, होतं असं," बाबा पुटपुटले.

"यंत्राचं काय गेलं, बाबा? आजोबांचं वर्ष गेलं." तिने माझ्याशेजारची वही उचलली. "यात गेल्या वर्षीची एक्केचाळीस नावं आहेत. सुट्टीत मी सहलीला जाणार नाहीये. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणार, चूक तुमच्या डोळ्यांची नव्हती, पुन्हा तपासायला या. आणि आई, बाबा, तुम्ही दोघंही माझ्याबरोबर येताय."