मला हार घालू नका

मी गिटार बोलतेय. मला कुणी आठवण म्हणू नका.

त्या सकाळी रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या खोलीत नेहमीचंच चाललं होतं. पद्मजा खिडकीचा पडदा अर्धा ओढून माझ्या फोटोसाठी उजेड जमवत होती. मागे लावायला काळं कापड हवं म्हणून तिचा नवरा विनायक पंडरीच्या कापडबाजारात गेला होता. "चहा टाकून ठेव, आलोच," म्हणाला होता. चहा उकळत असतानाच फोन आला. कापडाच्या दुकानात तो कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर विनायकला गिटारी घडवायचा नाद लागला. माझी पाठ जुन्या शिसवी पलंगाची, छाती देवदाराची. ओली पट्टी गरम पाइपावर दाबून तो माझ्या कडा वाकवायचा आणि पद्मजा कॅमेऱ्यातून पाहत म्हणायची, "बोटं बाजूला घ्या, लाकूड दिसून नाही राहिलं."

"मग ही बनवली कोणं, हे कसं कळेल लोकाईले?" तो हसायचा.

त्याची एक रीत होती. पॉलिश करण्याआधी गिटार महिनाभर उघड्या लाकडानंच टांगून ठेवायची. रायपूरची हवा तिला सोसली पाहिजे, म्हणे. मी तशीच टांगलेली होते.

तेरवीच्या दिवशी विनायकचा धाकटा भाऊ निरंजन यानं मला खाली काढलं. विनायकच्या तसबिरीशेजारी उभं केलं, झेंडूचा हार घातला आणि छातीवर ओल्या कुंकवाचा टिळा लावला. उघड्या लाकडानं कुंकू पिऊन टाकलं.

पद्मजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हे काहून केलं, भाऊजी?"

"भैया की आखरी निशानी है, वहिनी. काचेची शोकेस बनवून आणतो. हॉलमध्ये राहील."

"पॉलिश नाही झालं अजून तिचं. डाग निघन का आता?"

"डागानं काय फरक पडते? वाजवणार कोण हाय?"

माणसांचं मला नवल वाटतं. भाऊ जिवंत असताना निरंजन याच कामाला 'रिटायर माणसाचा टाइमपास' म्हणायचा. आता त्याला माझी पूजा करायची होती. करू दे कुणाचीही, माझी नको. मी वाजण्यासाठी घडले आहे. काचेमागे उभी राहून पाहुण्यांना उसासे टाकायला लावणं हे माझं काम नाही.

पद्मजानं हार काढून तसबिरीला घातला. "तो तिथंच राहू द्या. हिले वाजवायले बनवून राहिले होते ते."

पुढे तिनं पॉलिश पेपरनं माझी छाती घासली. लाली फिकी झाली, गेली नाही. आणखी घासलं तर लाकूड पातळ होईल, आवाज बिघडेल, हे तिनं नवऱ्याच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. ती थांबली. डागावरूनच पॉलिश चढवलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही बसवली. मग दुकानदारानं पोचवलेल्या त्या काळ्या कापडासमोर मला ठेवून तिनं फोटो काढला.

निरंजन पाहायला आला. "वहिनी, फोटोत डाग तरी लपवायचा."

"काहून? तुमचीच तर निशाणी आहे ती."

तो हसला. शोकेसचं नाव त्यानं परत काढलं नाही.

पद्मजा रोज माझ्यावरची धूळ पुसते, तारांचं पाकीट हातात घेते आणि परत ठेवते. मी घाई करत नाही.

तारा अजून लावलेल्या नाहीत.