मुका पेन ड्राइव्ह

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एक वारलेले गृहस्थ पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि म्हणत होते, "पंखा जरा कमी कर गं." बोलणं एवढंच. पण ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला होता, कारण आवाज पडद्यातून येतच नव्हता. तो कधी मानेमागून आल्यासारखा वाटे, कधी थेट टाळूवरून.

"दिशा शोधू नका, बाळांनो," नादबाबा डोळे मिटून म्हणाले. "जिभेच्या बोलण्याला दिशा असते. ही जिभेविना वाणी. ती चहूकडून येते."

पहिल्या रांगेत त्या गृहस्थांची बायको रुमाल तोंडाशी धरून रडत होती. शेजारी तिची थोरली मुलगी बसली होती. घरात तिला सगळे ताई म्हणत. वडिलांचा आवाज ऐकून ताई नकळत पुढे झुकली आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात तिडीकही गेली. ती एका स्टुडिओत बिघडलेले व्हिडिओ आणि आवाज दुरुस्त करायची. असा दिशा हरवलेला आवाज कानावर पडला, की ती आत्मा शोधत नसे, उलटी लागलेली वायर शोधत असे.

बाबांचा कारभार मोठा सोयीचा होता. लोकांनी वारलेल्या माणसाचा व्हिडिओ फोनसकट आणून द्यायचा. बाबा तो 'जागा' करून पेन ड्राइव्हवर परत देणार आणि फोन 'मुक्तीसाठी' ठेवून घेणार. घरी लावल्यावर माणूस बोलला, तर घर निर्मळ. नुसते ओठ हलले, तर घरात कुणीतरी दोषी आहे, आणि ते कोण हे ओळखायला बाबा समर्थ होतेच. आजवर त्यांनी ओळखलेले दोषी म्हणजे कुणाची सून, कुणाची विधवा आत्या, कुणाच्या घरी आश्रयाला राहिलेला मुका चुलता. घरातला कर्ता पुरुष एकदाही दोषी निघाला नव्हता. दोष मोठा शहाणा दिसत होता, कुणाच्या वाटेला जायचं नाही हे त्याला बरोबर कळत होतं.

ताईच्या माहेरी दोषी ठरली होती तिची भावजय. घरच्या टीव्हीला एकच डबा स्पीकर जोडलेला होता आणि त्यावर वडील नुसतेच ओठ हलवत होते. तेव्हा भावजय म्हणाली होती, एकदा हेडफोन लावून तरी बघू या. बाबांनी नेमकं तेच धरलं. दोषी माणसालाच यंत्रात हात घालायची घाई असते, म्हणाले. झालं. उद्या सकाळी तिला तिच्या आईवडिलांकडे सोडून यायचं ठरलं. दोन वर्षांची मुलगी मात्र इथेच राहणार होती. ताईला हे आज फोनवर कळलं आणि ती होती तशी निघून आली. आई तिला घराआधी हॉलमध्ये घेऊन आली, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून.

घरी आल्यावर दाराशी भरलेली बॅग दिसली. ताईने पेन ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि एक काळी खिडकी उघडली. चित्रंबित्रं काही नाहीत, नुसती अक्षरं. तिने आधी विचारलं, या फाइलमध्ये आवाज आहे का? उत्तर आलं, आहे, डावा आणि उजवा, दोन्ही भरपूर. मग तिने सांगितलं, आता दोन्ही एकत्र करून मोज. उत्तर आलं, शांतता. थोडासा आवाजही उरला नव्हता.

तिने धाकट्या भावाला, म्हणजे भावजयीच्या नवऱ्याला, बोलावलं. "हे टेबल तिकडून ढकल. मी इकडून ढकलते. सारख्याच जोराने."

टेबल जागचं हललं नाही.

"आपण दोघं ढकलतोय, तरी टेबल हलत नाही. इथेही तेच केलंय. डावा आवाज सरळ ठेवला आणि उजवा बरोब्बर उलटा केला. आपल्या स्पीकरला तोंड एकच. दोन्ही त्यात एकत्र येतात आणि एकमेकांना मारून टाकतात. बाबांच्या हॉलमध्ये दोन स्पीकर दोन टोकांना आहेत, म्हणून तिथे ऐकू येतं आणि कुठून येतंय ते कळत नाही."

मग तिने एक ओळ टाइप केली. डावी बाजू तेवढी घे, उजवी टाकून दे. नवी फाइल त्याच टीव्हीला, त्याच स्पीकरवर लावली. वडील स्वच्छ म्हणाले, "पंखा जरा कमी कर गं." आईने पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

भाऊ मात्र अजून चाचपडत होता. "चुकून झालं असेल, ताई. ते मुद्दाम कशाला करतील?"

"चल, विचारून येऊ," ताई म्हणाली. लॅपटॉप आणि स्पीकर तिने काखेत मारले.

बाबांच्या हॉलमधल्या संध्याकाळच्या गर्दीत तिने एवढंच विचारलं, की कुणाकुणाच्या घरी मुकं निघालं? हात वर आले. पेन ड्राइव्ह तर लोक गळ्यात घालूनच फिरत होते. पहिला लावला, मुका. एक ओळ लिहिली, बोलला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. मग तिने एका निर्मळ घरच्या बाईंचा पेन ड्राइव्ह मागून घेतला. त्या डबा स्पीकरवर तोही मुकाच निघाला. बाईंचा चेहरा पडला. ताईने विचारलं, तुमच्या घरी दोन स्पीकर आहेत का? होते. निर्मळपणा तेवढाच होता.

"यंत्राला श्रद्धा कुठली, बेटी?" बाबा गोड हसून म्हणाले.

"एकाचा उलटा झाला असता तर मी चूक म्हटलं असतं," ताई संतापून म्हणाली. "सगळ्यांचाच उजवा कसा उलटा? आणि मूळ फोन का ठेवून घेता? ताडून बघायला काही उरू नये म्हणूनच ना?" ती लोकांकडे वळली. "आवाज बंद पडला तर आधी वायर बघा. मग स्पीकर बदला. मग फाइल तपासा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवायची पाळी यात कुठेच येत नाही."

फोन परत द्या, असं मागून कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडू लागले. बाबांना पुढचं दार मोकळं मिळालं नाही.

घरी आईने भावजयीचा हात धरून तिला टीव्हीसमोर आणलं. "ऐक ना. बोलतायत ते."

"मला माहीत आहे काय बोलतायत ते," भावजय म्हणाली. तिच्या कडेवर मुलगी होती आणि बॅग अजून दाराशीच होती. "तो व्हिडिओ मीच काढलाय, आई. रोज उशाशी मीच बसायचे. पंखा कमी कर असं ते मलाच सांगत होते."

पंख्याच्या त्या बोलण्यावर अख्खा हॉल रडला होता. ते कुणाला उद्देशून आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं.

"हेडफोन लावून बघा, एवढंच म्हणाले होते मी," ती म्हणाली.

हेडफोन टीव्हीखालच्या खणातच होता.