धुतलेलं पोट

विजेच्या बसमध्ये बॅटरीच्या दोन्ही तारा बसच्या लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात. एक तार कुठे सांगाड्याला टेकली, तर लगेच काही होत नाही. बस नेहमीसारखी धावते. दुसरी टेकली की मात्र घात. म्हणून पहिल्याच गळतीवर नजर ठेवायला एक छोटा डबा बसवतात. त्याला शंका आली की चालकासमोर दिवा लागतो.

मामा शाळेची बस चालवायचे. त्यांच्या बसमध्ये तो दिवा दर रविवारी लागायचा, कारण रविवारी मामा बस धुवायचे. जोराच्या फवाऱ्याने आधी टप, मग काचा, आणि शेवटी स्वतः उताणे पडून बसचं पोट. "तोंड सगळेच धुतात," ते म्हणायचे, "पोट कोण धुतं?" मग बस उन्हात उभी करायची. संध्याकाळपर्यंत दिवा विझायचा. ओली होती, वाळली.

त्यांची भाची त्याच आगारात मेकॅनिक होती. तिला पाना धरायला मामांनीच शिकवलेलं. दिवा विझला की तीही निर्धास्त व्हायची.

या सोमवारी तो विझला नव्हता.

"मामा, काल दिवसभर उन्हात होती ना?"

"होती गं. रुसलाय तो. तुझी मामी रुसते तसा. लक्ष दिलं नाही की येते ताळ्यावर."

"मामी नाही येत. तुम्ही येता."

मामा हसले, पण त्यांची नजर दिव्यावरच होती. खाणीजवळच्या वस्तीवरून मुलांना शाळेत आणणारी ही एकच बस. आगारात दुसरी नव्हती आणि या बॅटरीचा कारखाना केव्हाच बंद पडला होता.

भाचीने जाड रबरी हातमोजे चढवले, वीज तोडली आणि बॅटरी खाली उतरवून झाकण उघडलं. कोपऱ्यात गढूळ पाणी साचलं होतं. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी असावी तसा गंज चढला होता. झाकणाखालची रबरी पट्टी एका जागी आत ढकलली गेली होती.

"पावसाचं असेल," मामा म्हणाले.

"पाऊस खालून वर पडत नाही, मामा."

मामांनी फवाऱ्याच्या नळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दर रविवारी बाहेरची ओल वाळत होती. आत गेलेलं पाणी आतच राहत होतं. डबा दर वेळी खरं सांगत होता आणि ही दोघं त्याला ऊन दाखवत होती.

शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. दिवसभर त्यांनी पुसलं, घासलं, गरम हवा मारली. नवी पट्टी कापून बसवली. तारा सांगाड्यापासून किती अलग आहेत ते दाखवणारा मीटरवरचा आकडा जरा वर चढला तेव्हा मामांनी "बघ!" म्हणून टाळी वाजवली. बॅटरी जोडल्यावर आकडा पुन्हा घसरला आणि घसरतच गेला. गंज तारांच्या आवरणाखाली शिरला होता. तिथे हात पोचत नव्हता.

"डब्याची वायर काढ," मामा हळूच म्हणाले. "दिवा विझेल. मुलांच्या परीक्षेपुरती. पहिल्या गळतीने काही होत नाही, तूच सांगतेस."

"आणि दुसरी होईल तेव्हा सांगणार कोण? पायरी लोखंडी आहे मामा. पोरं ओल्या पायांनी चढतात."

मामांनीच बसची किल्ली खिशातून काढून तिच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायीच वस्तीवर गेले. दप्तरं पाठीला लावून मुलं दगडांवर बसली होती. सगळ्यात धाकटी त्यांच्या मागे रस्त्यावर वाकून बघत म्हणाली, "बस कुठे ठेवलीत मामा?"

"आज नाही यायची, बाळ."

"मग उद्या?"

मामांनी तिच्या दप्तराचं सुटलेलं बक्कल लावून दिलं. चढावरून खाली आगार दिसत होतं. तिथे उन्हात त्यांची बस उभी होती, सगळ्या गाड्यांत उठून दिसेल अशी स्वच्छ.