मुळं राखणारं खुरपं

मित्रांनो, कुडाच्या भेगेत पातं अडकून बसलेलं मी एक जुनं खुरपं आहे. इथून मला शेत दिसत नाही. शेळ्यांचे आवाज तेवढे येतात.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याण्णवचा. कुरुंद्याच्या इब्राहीमभाई लोहारांनी ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं, बाभळीची मूठ बसवली आणि भागाबाईच्या हाती दिलं. तिच्या पातेत, म्हणजे खुरपायला वाटून घेतलेल्या ओळीत, गवताची काडी मागं राहत नसे. रान झाडलेल्या अंगणासारखं दिसे. बाया म्हणत, "भागाबाईचं खुरपं म्हंजी खुरपं." मी फुगून जाई.

पण ते रान उताराचं होतं, एकच एकर. आषाढात पाऊस झोडपायला लागला की माती ओढ्याला जाई. दहा वर्षांत खालचा मुरूम दिसू लागला.

तेव्हा तिचा मुलगा परमेश्वर म्हणाला, "आई, नांगरून माती सुटती. औंदा नांगर न्हाई. ज्वारीच्या धसकटातच सोयाबीन पेरू. तणाला औषध मारू."

"गवत मेलं तर शेळ्या काय तुझं डोस्कं खातील?"

"मंग तण कोण काढंल?"

"मी हाय की."

"बरं. पोळ्यापतोर बघतो. तवा रानात तण दिसलं, तर औषधाला आडवी येऊ नगंस."

भागाबाईनं शब्द दिला.

खुरपणीला शेजारची हलीमा आली, आणखी दोघी आल्या. हलीमा मूळ न काढता गवत वरच्यावर कापत होती आणि कापलेलं तिथंच टाकत होती.

"काय गं, रानाची दाढी करून राहिली का?" भागाबाईनं टोमणा मारला.

"मूळ उपटायला मनगटात जोर न्हाई, भागाबाई. दाढी तर दाढी."

सगळ्या हसल्या. मीही मनात हसलो.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस झाला. उघडीप होताच भागाबाई हलीमाला घेऊन रानात गेली. आमच्या पातेत ओघळ पडले होते, सोयाबीनची मुळं उघडी पडली होती. हलीमाच्या पातेत मात्र माती जागच्या जागी होती. आत राहिलेल्या मुळांनी तिला धरून ठेवलं होतं, वर कापलेल्या गवताचं पांघरूण होतं.

भागाबाईनं उघड्या मुळांवर माती ओढली. "एकट्या नांगरानं न्हाई गं. मी बी साफ करू करू माती घालवली."

त्या दिवसापासून तिनं मला आडवं धरलं. खोल जायला घडवलेलं माझं पातं आता मातीला घासून चालू लागलं. आजवर मिळालेल्या शाबासकीची मला लाज वाटली.

पण कापलेलं गवत बारा दिवसांत पुन्हा फुटे. हलीमा लेकीच्या बाळंतपणाला हट्ट्याला गेली. बाकीच्या दोघी हळदीच्या खुरपणीला गेल्या. भागाबाई एकटी उरली. एक टोक संपेपर्यंत दुसऱ्या टोकाचं तण गुडघ्याला लागे. मूळ उपटावं तर माती जाते, वरून कापावं तर तण गाठतं. आम्ही दोघं त्या एकरात कोंडल्यासारखे झालो.

पोळ्याला परमेश्वर रानात आला. त्यानं मूठभर माती उचलून पाहिली. "माती राहिली, आई." मग त्यानं तण माजलेल्या दुसऱ्या अर्ध्या रानाकडं पाहिलं. "पण हे?"

"आनखी दोन हात असते तर झालं असतं, बाबा."

त्यानं मुठीतली माती खाली सोडली. त्याचे दोन हात तिथंच होते. पण आमच्याकडं खुरपणं बायांचं काम. त्याच्या हाती मला कुणी कधी दिलंच नव्हतं, आणि त्यानंही मागितलं नाही.

"मार औषध," भागाबाई म्हणाली. शब्द दिला होता ना. औषधाचं गवत तोंडी लागू नये म्हणून तिनं शेळ्या दावणीला बांधल्या आणि मला कुडात खोवलं.

आता त्या सगळ्या एकरावर औषध पडतं. माती तिथंच आहे, हे मी नाकारत नाही. परमेश्वर वाईट नाही. पण अर्धं रान हातांनी राखलेलं मी पाहिलं आहे. उरलेलं अर्धं औषधावाचून अडलं नव्हतं, माणसांवाचून अडलं होतं.

मित्रांनो, मला धार लावा असं मी म्हणत नाही. कुणी एकटी बाई रानात खुरपताना दिसली, तर तुम्ही मुलगी असा की मुलगा, तिच्या शेजारची पात धरा. मुळं मात्र मातीत राहू द्या.