दुसरी सही

लोकरीचा सहावा गुंडा हातात घेऊन चांगदेव दुकानाच्या दोन पायऱ्या उतरले आणि उसाच्या रसाच्या गाडीला वळसा घालून फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले. दोन इमारतींच्या फटीतून डिसेंबरचं ऊन तिथे जेमतेम हातभर उतरलं होतं. गुंडा त्यांनी उन्हात धरला, अंगठ्याने सावकाश फिरवला, एक धागा सोडवून जिभेवर ओला केला आणि पुन्हा धरला.

"काका, चाटू नका ना! लोकं बघतायत," काउंटरमागून प्रीती ओरडली. वडिलांचं दुकान ती दोन वर्षांपासून सांभाळत होती आणि आजवर तिने लोकर हुंगणारी, गालाला लावणारी, पदरात बांधून उद्या सांगते म्हणणारी गिऱ्हाइकं पाहिली होती. पण हा प्रकार नवा होता.

"ओला धागा खरं बोलतो," चांगदेव तिथूनच म्हणाले. "तुझ्या ट्यूबलाइटखाली सगळे रंग खोटी साक्ष देतात."

"पण पाच गुंडे ओले झालेत. ते मी आता कोणाला विकू?"

दुकानात स्टुलावर बसलेल्या शालनताईंनी पर्समधली क्रोशाची सुई काढली, पाहिली आणि परत ठेवली. काम खरं तर साधं होतं. त्यांच्या लेकीला, कल्पिताला, सातवा महिना लागला होता. बाळासाठी दुपटं विणायचं होतं. कल्पिताने फोनवर एकच अट घातली होती: गुलाबी नको, निळं नको, सरळ पांढरं घ्या. शालनताईंना वाटलं, पांढरं म्हटलं की विषय संपला. सदतीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस अशा चुका करतो.

कारण चांगदेवांच्या लेखी पांढरा हा एक रंग नव्हताच. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात, त्यांनी एकतीस वर्षं शेड जुळवण्याचं काम केलं होतं. उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचं टेबल, टेबलावर तुलनेसाठी एक पांढरी टाइल, आणि खिशाला पेन. माल बाहेर पाठवायच्या कागदावर दोन सह्यांच्या चौकटी असत. पहिली सही चांगदेवांची. दुसरी साहेबांची, आणि ती साहेब मालाकडे न बघताच करत. चांगदेवांनी बघितलं आहे म्हटल्यावर आणखी काय बघायचं? सगळे त्यांना नुसतं 'डोळा' म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पेन अजून खिशाला होतं, आणि गेल्या महिन्यात मंडळाच्या मोतीबिंदू तपासणी शिबिराचं पत्रक त्यांनी अपमान झाल्यासारखं चौघडी घालून परत केलं होतं.

"याही अजून उनातच हायेत काय?" दुसऱ्या स्टुलावरून आवडाबाईंनी विचारलं. त्या कल्पिताच्या सासूबाई; व्याह्यांना त्या आपल्या बोलीत 'याही' म्हणत. बाळकुमहून सकाळीच निघून आल्या होत्या आणि येताना एक रीत घेऊन आल्या होत्या: बाळ जन्माला यायच्या आधी दुपटं पुरं करायचं नाही. एक कोपरा उघडा ठेवायचा. बाळ आलं की तो कोपरा काळ्या टाक्याने मिटवायचा. म्हणजे रीतही झाली आणि दृष्टही टळली.

कोपरा उघडा ठेवायला चांगदेवांची हरकत नव्हती. काळ्या टाक्याला होती.

"विहीणबाई," दुकानात परत येत त्यांनी मघाचाच वाद पुढे उचलला, "पांढऱ्यावरचा काळा ठिपका शोधून माल परत पाठवण्यात माझा जन्म गेला. आणि तुम्ही मला तो विकत घ्यायला सांगताय?"

"माल कंपनीत परत जातो, याही. नातू नाय जात."

"नातच होईल."

"मंग तं दोन टाके घालू."

प्रीती तोंड फिरवून हसली. चांगदेवांनी दुर्लक्ष केलं. सहावा गुंडा त्यांनी काउंटरवर असा ठेवला, की जणू देवापुढे नारळ.

"हा. असे दहा दे. मिठासारखा स्वच्छ आहे."

आवडाबाई पुढे वाकल्या. त्यांचं बालपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं होतं. बापाच्या मागे फावडं ओढत त्यांनी पहिल्या वाफ्याचं मीठ आणि तळाचं मीठ वेगळं करायला अक्षरांच्या आधी शिकून घेतलं होतं. कल्पिताच्या लग्नात मांडवाच्या कापडावरून त्या चांगदेवांशी दोन तास भांडल्या होत्या आणि जिंकल्या होत्या.

"मीठ?" त्या म्हणाल्या. "याही, असला मीठ आमी गुरांना घालतो. पिवला हाय ह्यो."

चांगदेवांनी गुंडा काउंटरवरून परत उचलला.

"पिवळा," चांगदेव शांतपणे म्हणाले. फार चिडले की ते शांत होत. "बाहेर या. सगळ्या या."

आणि मग ती वरात निघाली. पुढे चांगदेव, मागे गुडघ्यावर हात टेकत आवडाबाई, त्यामागे पर्स छातीशी धरलेल्या शालनताई, आणि गल्ल्याला घाईने कुलूप लावून प्रीती. रसवाल्याने चरक थांबवला. चांगदेवांनी खिशातून रुमाल काढला, शालनताईंनी कालच निळीत धुतलेला, पांढराशुभ्र. टाइल नव्हती तर नव्हती. रुमाल तळहातावर पसरून, त्याच्या मधोमध त्यांनी गुंडा ठेवला आणि हात उन्हात पुढे केला.

"बघा. आहे काही फरक?"

कोणी काही बोललं नाही.

त्यांना वाटलं, हरल्या. त्यांनी स्वतःही पाहिलं: रुमाल आणि गुंडा, एका जातीचे, एका घरचे. चष्मा पुसून पाहिलं, तरी तेच. पण शांतता जरा लांबली. रसवाल्याने चरक उगाच फडक्याने पुसायला घेतला. प्रीतीच्या हातात गुंड्यावरून निघालेली, रंगाचं नाव छापलेली कागदी पट्टी होती. तिने ती वाचली, आणि तिचं तोंड उघडलं.

"काका, हा तर—"

बांगड्यांचा आवाज झाला. आवडाबाईंचा हात प्रीतीच्या मनगटावर होता.

"पोरी, जरा पानी आन. घसा सुकला."

प्रीतीने एकदा आवडाबाईंकडे पाहिलं, एकदा चांगदेवांकडे, आणि ती पट्टी मुठीत चुरगळून आत गेली. आवडाबाईंनी गुंड्याकडे पाहिलं नाही. त्या चांगदेवांच्या चष्म्याकडे पाहत होत्या.

"उजेडात पांढराच दिसतंय की," त्या म्हणाल्या. "माझीच नजर चुकली, याही."

मांडवाच्या कापडावरून दोन तास भांडलेली बाई दोन मिनिटांत हरली होती.

चांगदेवांचा हात तसाच उन्हात राहिला. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. फार वर्षांपूर्वी ती त्यांनी स्वतः पाळली होती. त्यांना शेड शिकवणाऱ्या भगवानमास्तरांनी, निवृत्तीला चार महिने उरले असताना, करड्या रंगाचा एक हिरवट लॉट उन्हात धरून "एकदम बरोबर" म्हटलं होतं. आणि तरुण चांगदेवांनी "हो मास्तर" म्हणून तो लॉट बाजूला ठेवून दुसऱ्या पाळीत गुपचूप नवा काढला होता. पुढचे चार महिने तेच चाललं. मास्तरांना निरोपाचा हार घालून घरी पाठवलं, तोवर कोणी काही बोललं नाही. "हो मास्तर" म्हणताना चांगदेवांना नेमका असाच आवाज काढावा लागत असे, जरा जास्त सहज.

रुमालाची घडी त्यांनी हळूहळू घातली. मग दिवाळीची आठवण झाली. हॉलला रंग दिला होता. त्यांनीच निवडलेला, चुन्यासारखा पांढरा. आलेला प्रत्येक पाहुणा म्हणत होता, वा, किती छान पिवळा! आणि चांगदेव मनातल्या मनात लोकांच्या नजरेची कीव करत फराळाची ताटं पुढे करत होते.

"शालन," ते म्हणाले. "आपल्या हॉलची भिंत…"

शालनताईंनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "भर पावसाळ्यातसुद्धा घरात ऊन आल्यासारखं वाटेल."

रसवाल्याचा चरक पुन्हा सुरू झाला. त्याच्या घुंगरांच्या आवाजात चांगदेवांनी विचारलं,

"ते मंडळाचं शिबिर कधी आहे?"

"सोमवारी. नाव घातलंय मी."

"कधी?"

"पत्रक परत केलंत ना, त्याच संध्याकाळी."

ते दुकानाच्या पायऱ्या चढले. पाण्याचा ग्लास घेऊन प्रीती दारातच उभी होती. काय करावं हे न सुचून तिने तो त्यांनाच दिला आणि ते पाणी प्यायले. मग त्यांनी सहावा गुंडा काउंटरवर, ओल्या पाच गुंड्यांच्या शेजारी, नीट ओळीत ठेवला.

"हे सहाही बांधून दे. ओले मी केलेत. शालनच्या उशीला खोळ होईल," ते म्हणाले. "पण दुपट्याला हा नको. विहीणबाई, तुम्ही निवडा. आणि तो काळाही. कोपऱ्याला बरा दिसेल."

आवडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. स्टुलावर न बसताच, मान वर करून त्यांनी बोट दाखवलं.

"त्यो. वरच्या फलीवरला, डावीकडून तिसरा."

प्रीतीने तो काढला, पट्टी वाचली आणि समाधानाने मान हलवली. झालं असतं. पण आवडाबाईंनी तो गुंडा तिच्या हातातून घेतला, आणि मघाशीच कुरकुरलेले गुडघे घेऊन पुन्हा त्या दोन पायऱ्या उतरल्या. उसाच्या गाडीला वळसा घालून त्या हातभर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. गुंडा धरला. अंगठ्याने फिरवला. मग एक धागा सोडवून, मिश्रीने काळवंडलेल्या दातांतून जीभ काढून, ओला केला.

प्रीतीने डोळे मिटून घेतले.

"याही," आवडाबाईंनी हाक मारली, "या ना बाहेर. येकट्यानी कसा पास करायचा?"

चांगदेव गेले. उन्हात त्यांच्या तळहाताएवढा उजेडाचा एक गोळा होता. मघाच्यापेक्षा वेगळा होता की नव्हता, त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी गुंड्याकडे पाहिलंच नाही. आवडाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओके," ते म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.